कोपऱ्यातल्या डब्याची चिंधी

आमच्या कात्रपच्या फ्लॅटचा नकाशा ज्याने काढला, त्याने जन्मात कधी भाकरी थापली नसणार. ओटा काटकोनात वळलेला. एका अंगाला शेगडी, दुसऱ्या अंगाला सिंक, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे खाली एक अंधारा कोपरा. त्याचं दार वीतभर रुंद, पण आत एक माणूस अंगाचं मुटकुळं करून झोपेल एवढी जागा. शेजारीच गॅसची टाकी, म्हणून तेवढं दारही निम्मंच उघडायचं. आतल्या कडाप्प्यावरची वस्तू हवी असेल तर जमिनीवर फतकल मारायची, गाल ओट्याच्या कडेला टेकवायचा आणि हात खांद्यापर्यंत आत घालून चाचपडायचं. बिल्डिंगमधल्या इतर बायकांनी त्या भोकात फुटकी बादली, जुनी पायपुसणी असलं काहीबाही कोंबून दार लावून टाकलं होतं. आमच्याकडे मात्र वर्षाची साठवण तिथे होती, आणि तिथे हात घालायचा हक्क एकट्या सासूबाईंचा होता.

मी अंबरनाथच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढले. आमच्याकडे महिन्याचा किराणा यायचा आणि महिन्यात संपायचा. सासर पालेगावचं, भातशेतीवालं. मोठे दीर गावी शेती बघायचे आणि आमचे हे अंबरनाथला केमिकल कंपनीत शिफ्ट सांभाळायचे. कात्रपला फ्लॅट घेतला तेव्हा मुलगी लहान होती, म्हणून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, आणि त्यांच्यामागून टेम्पोतून त्यांचे डबे आले. वनस्पती तुपाचा चेपलेला डबा, बिस्किटांचा चौकोनी डबा, पितळी झाकणाचा एक, कान तुटलेली चिनी मातीची बरणी. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. पाहुणे आले की मी ते कोपऱ्याचं दार पायाने ढकलून ठेवायची.

तूरडाळ हवी असली की मी सासूबाईंना सांगायचं. मग त्या हातातलं काम टाकून खाली बसणार, तोंड माझ्याकडे, बोलणं चालूच, आणि हात आत जाऊन तूरडाळीचा डबा घेऊन बाहेर. आत वळून बघायच्यासुद्धा नाहीत. मला हा निव्वळ तोरा वाटायचा. मी नसले तर तुमची चूल पेटायची नाही, हे दिवसातून चारदा दाखवायची रीत. एकदा त्या देवळात गेल्या असताना मी गूळ काढला आणि डबा जरा पुढे ठेवला. संध्याकाळी ‘गुलाचा डबा कोनी हालवला’ यावरून जे सुरू झालं ते दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत संपलं नाही. त्या दिवसापासून त्या कोपऱ्याचा मला मनापासून राग होता.

बाकीही काही गोष्टी होत्या, पण त्या मी रागाच्या खात्यात टाकल्या होत्या. तांदूळ निवडायचं काम त्यांनी हळूहळू माझ्यावर ढकललं होतं. सुईत दोरा नातीकडून ओवून घ्यायच्या. घड्याळ समोर असून किती वाजले ते विचारायच्या. मला वाटायचं, आता बाईंना बसून हुकूम सोडायची सवय लागली. शेजारणीजवळ मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

त्या डब्यांमध्ये एक गोल, पत्र्याचा डबा होता. मे महिन्यात पालेगावहून वर्षाचा तांदूळ यायचा. किडे लागू नयेत म्हणून आम्ही दोघी त्याला बोरिक पावडर चोळायचो आणि शिजवताना चार पाण्यांनी धुऊन घ्यायचो. उरलेली पावडर त्या गोल डब्यात जायची. डब्याच्या गळ्याला जुन्या लुगड्याची चिंधी होती, दोन गाठी मारून आवळलेली. डबा कायम सगळ्यात आत, टोकाला. ती चिंधी दृष्ट लागू नये म्हणून असावी किंवा झाकण सैल असेल, असं मी धरून चालले होते. विचारलं कधीच नाही, कारण आमच्यात विचारण्याइतकं बरं नव्हतं.

मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी सासूबाई एका हळदीसाठी पालेगावला गेल्या आणि माझी नणंद उल्हासनगरहून आमच्याकडे आली. ती टापटिपीची. तिचा शेजार सगळा सिंध्यांचा, त्यांची चकचकीत स्वयंपाकघरं बघून तिने आपलंही तसंच करून घेतलं होतं. येताना तिने उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातून प्लॅस्टिकच्या बरण्यांचा मोठा सेट आणला होता. सगळ्या पांढऱ्या, लाल झाकणाच्या, एका मापाच्या. मला म्हणाली, आई येण्याआधी उरकून टाकू, ती असली तर काडी हलवू देणार नाही. मला आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन असं झालं.

दुपारभर आम्ही दोघी त्या भोकासमोर बसून होतो. सगळं बाहेर काढलं, कडाप्पा सोड्याने घासला, जिन्नस बरण्यांत भरले. नणंदेने प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत नाव लिहिलं. बोरिकचंही लिहिलं, तेही लाल शाईने, म्हणजे तिच्याकडून काही कसूर झाली असं कुणी म्हणू नये. चिंधी काळीकुट्ट झाली होती, ती केरात गेली. जुने डबे भंगारवाल्याने नेले आणि बदल्यात लसूण दिला. लाल झाकणांची ती रांग बघून मला सण आल्यासारखं वाटलं.

सासूबाई परत आल्या. पाय धुतले, पाणी प्यायल्या आणि सवयीने कोपऱ्यासमोर बसल्या. हात आत गेला. एक बरणी चाचपली, दुसरी, तिसरी, मग पुन्हा पहिली. मी पदर खोचून भांडणाच्या तयारीत उभी होते. नणंदेने कौतुकाने सगळं सांगितलं, प्रत्येक बरणीवर नाव आहे म्हणाली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, बरं केलंस. आणि भरदुपारी, जेवणही न करता, भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मला भांडण चाललं असतं. मी खोचलेला पदर सोडला आणि त्यांचं ताट झाकून ठेवलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. त्या आता कोपऱ्यातून तीन-तीन बरण्या काढायच्या, झाकण उघडून वास घ्यायच्या, बोट बुडवून जिभेला लावायच्या. मी आत गेले की बरण्या पदराआड. एकदा मी दारातून बघितलं, त्या एका बरणीवरच्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि डोळे समोरच्या भिंतीवर. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तांदूळ, सुई, घड्याळ, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

मी ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी आईला सरळ विचारलं, डोळे तपासून घेऊ या का. त्या अशा उसळल्या की हे दोन पावलं मागे सरले. माझे डोले तुमच्यापेक्षा बरे हायत, म्हणाल्या, ही मना म्हातारी ठरवाला निघालीय. माझ्याकडे बोट केलं होतं. हे माझ्याकडे बघून गप्प झाले, आईची आणि बायकोची जुनीच कटकट असं समजून. म्हणून मग मीही मिठाची गुळणी धरली. पण जिवाला घोर लागला. घरात मी सारखी त्यांच्या मागे, आणि मी मागे आहे हे कळल्यामुळे त्या सारख्या माझ्या पुढे. गॅस पेटवताना मी त्यांच्या हातातून काड्यापेटी घेतली की त्या ती काढून घ्यायच्या.

एक दिवस मला रेशनच्या रांगेत जावं लागलं. मुलीची शाळा दुपारची, तिचा डबा मी परत येऊन भरणार होते. पण रॉकेलची गाडी उशिरा आली आणि रांग हललीच नाही. मी घरी पोचले तेव्हा मुलगी शेजारच्या मुलांबरोबर शाळेत गेलेली होती. ओट्यावर परात होती, परातीत पांढरी पिठी पसरलेली, तवा अजून कोमट. परातीशेजारी लाल झाकण उलटं पडलेलं, आणि बरणीवर लाल शाईची अक्षरं.

मी म्हटलं, आई, हे काय घेतलंत? त्या म्हणाल्या, ताटलीतला पीठ भिजवाला पुरला, थापाला कमी पडला म्हणून तांदलाचा पीठ काढला. मी विचारलं, किती भाकरी. एक, नातीच्या डब्याला. त्यांच्या आवाजात थोडा गर्वच होता, की मी नसताना त्यांनी सगळं वेळेवर केलं. शाळेच्या घाईत जिभेला लावून बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

मी ते नाव मोठ्याने वाचलं.

हाताला लागलेली पिठी त्यांनी लुगड्याला पुसली, पुन्हा पुसली, पुसतच राहिल्या. मी काही बोलायला थांबले नाही. चपला घालायचंही भान नव्हतं. मागून त्यांची हाक आली, मना पन घेऊन चल गो, पण मी जिन्यावरून केव्हाच खाली उतरले होते.

शाळा तीन गल्ल्या पलीकडे. त्या तीन गल्ल्यांत मी सासूबाईंना, नणंदेला, त्या बिल्डरला आणि स्वतःच्या नशिबाला मनात येईल ते बोलून घेतलं. शाळेच्या फाटकाशी पोचले आणि पहिलीच्या पोरांना लवकर देतात त्या डब्याच्या सुट्टीचा गलका ऐकू आला. पोरं ओळीने व्हरांड्यात डबे उघडून बसली होती. माझी मुलगी माझ्याकडे बघून हसली, तिच्या ओठांना पांढरं लागलेलं होतं. डब्यात अर्धी भाकरी उरली होती.

तिला तशीच उचलून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. उरलेली भाकरी मी मुठीत धरली होती. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून बघितली, पिठी बोटाने खरवडली, मुलीला तपासलं आणि बाकड्यावर निजवलं. वरवरची पिठी आहे, फार गेलं नसावं असं ते म्हणाले, पण लगेच घरी पाठवणार नाही, लक्ष ठेवावं लागेल, गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात हलवू. मुलीला एकदा उलटी झाली, मग दुसऱ्यांदा. तिचा हात गार लागत होता की माझाच गार होता, ते मला कळत नव्हतं. ह्यांना कंपनीत फोन करायला कंपाउंडर गेला.

थोड्या वेळाने दारात गडबड झाली. एका रिक्षावाल्याने सासूबाईंना धरून आणलं होतं. अनवाणी, लुगडं गुडघ्यावर फाटलेलं, कोपर सोललेलं, एका बाजूने सगळ्या चिखलात. पाइपलाइनसाठी खोदलेल्या चरात पडलेली म्हातारी त्याने उचलली होती आणि शाळेत विचारून इकडे आणली होती. डॉक्टरांना वाटलं नातीच्या काळजीने घाईत पडल्या असतील. चर रस्त्याच्या मधोमध होता, दोन महिन्यांपासून होता, आणि त्यावर लाल फडकं लावलेलं होतं. त्या आत आल्या आणि हवेत हात फिरवत नातीला शोधू लागल्या. मी मुलीचा पाय त्यांच्या हातात दिला. तो पाय धरून त्या संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून होत्या आणि मी एका शब्दानेही त्यांच्याशी बोलले नाही. त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटत होता, आणि त्यांच्या कोपरातलं रक्त थांबलेलं नाही हेही मला दिसत होतं.

दिवेलागणीला डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. मुलगी रिक्षातच भूक लागली म्हणाली. मला हुंदका आवरला नाही.

निरोप उशिरा मिळाल्यामुळे हे आमच्या मागोमाग घरी पोचले. केमिकल कंपनीतला माणूस, विषारी माल कुठे ठेवायचा यावरून दिवसभर कामगारांना झापणारा. मुलगी धडधाकट दिसली आणि त्यांची सगळी भीती रागात उतरली. पिठाशेजारी बोरिक ठेवलं कुणी? अक्कल गहाण टाकली होती का? नणंदेची करणी आहे हे कळल्यावर तिला आत्ताच जाऊन विचारतो म्हणाले, पुन्हा या घरात पाऊल टाकू द्यायचं नाही म्हणाले. शर्टाच्या बाह्या सारत ते उठलेसुद्धा.

नणंदेने नाव लिहून ठेवलं होतं. तिची चूक नव्हती हे घरात दोघींनाच ठाऊक होतं. मी एक वाक्य बोलले असते तर कोपरा माझा झाला असता, ओटा माझा झाला असता, आणि सासूबाईंची रवानगी पालेगावला झाली असती. जिभेवर होतं ते. खोटं कशाला बोलू. पण समोर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोपराला पट्टी, आणि मान अशी वळवलेली की आवाज कुठून येतोय त्याचा अंदाज घेत होत्या. मला ते वाक्य बोलवेना.

तेच त्या बोलल्या. “पोरीला काय बोलू नको. तिनं लिवलेला होता. मना दिसत नाय.”

हे थांबले.

“दोन वर्सं झाली. उजेड दिसतो, मानूस नाय दिसत. डबे हाताला वलखीचे होते म्हनून चालला.” मग त्यांनी कोपराची पट्टी चाचपली. “आमचे सासूचे डोले गेले तवा तिला पडवीन बसवली. जेवान ताटलीन घालून पुढं सरकवायचा. मीच सरकवायची. ती रोज इचारायची, आज काय रांदलंस गो. मी सांगायची पन नाय.”

ह्यांनी तोंड फिरवलं. मला माझा सगळा राग शोधूनही सापडेना. मी उठून त्यांच्याजवळ बसले आणि सुचलं ते बोलले.

“आई, आपल्या फ्लॅटला पडवीच नाही.”

त्यांनी माझा हात चाचपून धरला. त्यांच्या नखांत अजून पांढरं होतं.

ह्यांनी बोरिक गटारात ओतलं आणि बरणी फोडून टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, पण ऑपरेशनला सासूबाई लगेच तयार झाल्या नाहीत. गावातल्या कुणाचा तरी डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता, ते त्यांनी मनात धरलं होतं. त्यांची समजूत पटेपर्यंतचे महिने आम्ही दोघींनी तो कोपरा नव्याने लावला. जुने डबे परत मिळणार नव्हते, म्हणून बरण्यांनाच ओळख दिली. तूरडाळीला रबर, साखरेला माझी जुनी काचेची बांगडी, पोह्यांना सुतळी. मीठ तसंच, त्याला काही नको म्हणाल्या. आणि आतपर्यंत हात घालायला लागू नये म्हणून मी एक लाकडी पाट आणला, त्याला दोरी बांधली आणि सगळ्या बरण्या त्यावर मांडल्या. दोरी ओढली की पाट सरकत दाराशी यायचा. पुढे शेजारणींनी लोखंडी ट्रॉल्या बसवल्या तेव्हा मला त्यांचं काही नवल वाटलं नाही.

शेवटी नणंदेकडे राहून उल्हासनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून त्या घरी आल्या आणि पहिल्यांदा टॉर्च घेऊन कोपऱ्यासमोर बसल्या. आत बघितलं आणि मला हाक मारली. एवढी जाळी, एवढी झुरळांची घाण, आणि इतक्या महिन्यांत त्यांना कुणी सांगितलं नाही, म्हणून माझीच खरडपट्टी काढली. मी निमूट ऐकून घेतली. मला बरंच वाटत होतं.

त्या मे महिन्यात पालेगावहून तांदूळ आला. बोरिकचं नवं पाकीट आलं. उरलेली पावडर बरणीत भरून मी नाव लिहिलं, ते त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं, बरोबर आहे म्हणाल्या. मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, बरणीच्या गळ्याला गुंडाळली आणि दात लावून दोन गाठी आवळल्या. मी म्हटलं, आता कशाला, तुम्हाला तर स्वच्छ दिसतं.

“मना दिसतंय गो,” त्या म्हणाल्या. “ही तुझ्यासाठी हाय.”

मी हसले होते. तेव्हा मला सुईत दोरा एका झटक्यात ओवता यायचा.

सासूबाई जाऊन आता खूप वर्षं झाली. हेही राहिले नाहीत. फ्लॅट तोच आहे, कोपऱ्यात आता गोल फिरणारी स्टीलची चकती आहे, आणि सगळ्या बरण्या पुन्हा एकसारख्या, मुलीने पाठवलेल्या. परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. चष्म्याचा नंबर बदलून भागणार नाही असं तो म्हणाला, आणि बरोबर कुणाला तरी घेऊन या म्हणाला. संध्याकाळी मुलीचा फोन आला, काय म्हणाले डॉक्टर म्हणून. मी म्हटलं, काही नाही गं, थोडा नंबर वाढलाय. तिला ते खरं वाटलं. फोन ठेवला, कपाटातून एक जुनी साडी काढली आणि कोपऱ्यासमोर बसून तिच्या चिंध्या फाडायला घेतल्या.